इशारा मिळाला होता : शनिवारवाडा, ३० ऑगस्ट १७७३

नारायणराव पेशव्यांचा खून म्हटला की मराठी माणसाला 'ध'चा 'मा' आठवतो आणि गोष्ट तिथेच संपते. एका चिठ्ठीतले एक अक्षर बदलले आणि पेशवा मारला गेला, एवढेच आपण शाळेपासून ऐकत आलो. पण त्या सोमवारचे तास ओळीने मांडले की चिठ्ठीपेक्षा मोठी गोष्ट समोर येते. कटाची कुणकुण पेशव्यांना त्याच दिवशी, हल्ल्याच्या काही तास आधी लागली होती. बंदोबस्ताचा हुकूमही सुटला होता. पुढच्या वेळा प्रहरांच्या हिशेबाने, अंदाजाच्या आहेत; क्रम मात्र असाच आहे.

नऊ महिने आधी : थेऊर, १८ नोव्हेंबर १७७२

माधवराव पेशवे क्षयाने गेले. वय अवघे २७. जाण्याआधी त्यांनी धाकट्या भावाला, नारायणरावाला, काका रघुनाथरावांच्या हवाली केले. याच काकांना १७६८ मध्ये धोडपला हरवून माधवरावांनी नजरकैदेत ठेवले होते. मरणाच्या दारात त्यांना मोकळे करून पुतण्याचा हात त्यांच्या हाती देण्यात आला. घरातले वैर असे एका शपथेने मिटत नसते, हे थेऊरला जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. दुसरा इलाज कुणाजवळ नव्हता, इतकेच. थोरला भाऊ विश्वासराव पानिपतावर पडलेला, वडील नानासाहेब त्याच वर्षी गेलेले. नानासाहेबांच्या मुलांपैकी हा सतरा वर्षांचा मुलगा तेवढा उरला होता.

साडेचार महिने आधी : पुणे, एप्रिल १७७३

काका-पुतण्याचे बिनसले आणि रघुनाथराव पुन्हा कैदेत गेले. पण ही कैद कुठल्या दूरच्या किल्ल्यावर नव्हती, खुद्द शनिवारवाड्यातच होती. ज्या छपराखाली पेशवा झोपत होता, त्याच छपराखाली त्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी पहाऱ्यात बसून दिवस मोजत होता. नारायणराव स्वभावाने तापट, जिभेला तिखट. जुने कारभारी दुखावलेले होते, आणि प्रभूंच्या धर्माधिकाराच्या वादात सरकारने घेतलेल्या बाजूमुळे तो समाजही नाराज होता. धुमसणाऱ्या सगळ्यांना वाड्यात बसलेला एक नायक आयताच मिळाला.

काही दिवस आधी : ऑगस्ट १७७३

वाड्याचा पहारा गारद्यांकडे होता. गारदी म्हणजे कवायती पायदळ. त्यांना वतन नाही, जहागीर नाही. महिन्याचा पगार हेच नाते. याच जातीच्या पलटणींनी बारा वर्षांपूर्वी पानिपतावर इब्राहिमखानाच्या हाताखाली शेवटपर्यंत झुंज दिली होती, तेव्हा दोष गारदी असण्यात नव्हता. दोष होता तो थकलेल्या पगारात. रघुनाथरावांचा खिजमतगार तुळाजी पवार याने सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसाफ या गारद्यांच्या नायकांशी संधान बांधले. मोठी रक्कम आणि किल्ले देण्याचा वायदा झाला. नारायणरावाला धरावे, असा रघुनाथरावांचा लेखी हुकूम निघाला. तोच पुढे बदललेल्या अक्षरासह, 'धरावे'चे 'मारावे' होऊन, प्रसिद्धीस आला.

सकाळ : ३० ऑगस्ट, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी

वाड्यात गणपती बसलेले. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. नारायणरावांना अठरा पूर्ण होऊन वीसच दिवस झालेले. सकाळी ते पर्वतीला गेले, आणि कुलाब्याहून आलेल्या रघुजी आंग्र्यांचीही भेट घेतली. आंग्रे पाहुणे, पुण्यातल्या राजकारणाशी त्यांचा रोजचा संबंध नाही. तरी शहरात काय शिजते आहे ते त्यांना कळले होते. त्यांनी ते पेशव्यांच्या कानावर घातले. बाहेरून आलेल्या सरदाराला जे दिसले, ते वाड्यातल्या शेकडो नोकरांपैकी कुणी धन्याला सांगितले नव्हते.

माध्यान्हाआधी

नारायणरावांनी हरिपंत फडक्यांना गारद्यांचा बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंत निष्ठावान माणूस, फितुरीचा संशय त्यांच्यावर कुणी कधी घेतला नाही. पण गारद्यांची पगारासाठी कुरकुर नेहमीचीच. हरिपंतांनी होकार दिला आणि आधी ठरलेल्या जेवणाला गेले. पेशवे वाड्यात परतून आराम करू लागले. पहारा बदलला नाही, दरवाजे लावले नाहीत, काकांच्या दालनावर जादा माणूस बसला नाही.

दुपारी एकच्या सुमारास

पगाराच्या नावाने आरडाओरडा करीत शेकडो गारदी आत घुसले. ज्यांनी अडवायचे तेच शिरल्यामुळे अडवणार कोण? कारकून, सेवक, वाटेत येईल तो कापला गेला. वाड्यातली गायही सुटली नाही.

गलक्याने जागे झालेले नारायणराव आधी धावले ते पार्वतीबाईंकडे, सदाशिवरावभाऊंच्या पत्नीकडे. पार्वतीबाईंनी त्यांना रघुनाथरावांकडे पाठवले. त्या क्षणी वाड्यात गारदी ज्याचे ऐकतील असा तो एकच माणूस होता. पुतण्याने काकांना मिठी मारली, राज्य घ्या पण जीव वाचवा अशी विनवणी केली. रघुनाथरावांनी त्याला सोडा म्हटले, पण आता मागे फिरलो तर आपलेच मरण, असे सुमेरसिंगाचे उत्तर आल्याचे इतिहासकार ग्रँट डफ नोंदवतो. तुळाजी पवाराने नारायणरावांना ओढून काढले. सेवक चापाजी टिळेकर धन्याच्या अंगावर आडवा पडला. दोघेही एकाच जागी तुटले.

पुढचा अर्धा तास

एवढ्यात सगळे आटोपले होते. दरवाजे बंद झाले आणि वाडा रघुनाथरावांचा झाला.

तिसरा प्रहर

बातमी पेठांतून पसरली, लोक रस्त्यावर आले. ज्येष्ठ कारभारी सखारामबापू बोकील कोतवाल चावडीवर पोहोचले आणि त्यांनी रघुनाथरावांना चिठ्ठी पाठवली. उत्तर आले, की शिपायांनी पुतण्याला मारले. हरिपंतांनी तिथेच रघुनाथरावांना खुनी ठरवले आणि बारामतीची वाट धरली. बापूंनी लोकांना घरी जायला सांगितले. पेशव्याचा खून होऊन काही तास झाले होते आणि राजधानीतला एकही सरदार वाड्यावर चालून गेला नव्हता. गादीवर बसेल असा दुसरा कोण, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात आधी आला असणार.

मध्यरात्र

सरदार त्रिंबकराव पेठ्यांनी प्रेत ताब्यात घेतले आणि मुठेकाठी गुपचूप दहन केले. ज्या दरवाजातून ते बाहेर नेले, तो पुढे नारायण दरवाजा म्हणून ओळखला जाऊ लागला. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई सती जाऊ नयेत म्हणून त्यांना खोलीत कोंडण्यात आले. त्या गरोदर होत्या.

त्यानंतर

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी सुमारे सहा आठवडे चौकशी केली. त्यांच्या यादीत ४९ जण दोषी निघाले : गारदी १३, ब्राह्मण २६, मराठे ७, प्रभू ३. खून गारद्यांनी केला आणि अक्षर रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईने बदलले, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. तलवारी गारद्यांच्या असल्या तरी कट वाड्यातल्या आणि दरबारातल्या माणसांचा होता. रघुनाथरावांना या पापाला देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही, असे तोंडावर सांगून शास्त्रीबोवा पुणे सोडून गेले.

१८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंच्या पोटी सवाई माधवराव जन्मले. खुनाच्या दुपारी उठून उभे न राहिलेले कारभारी त्याआधीच बारभाई म्हणून एकवटले होते. हरिपंत फडके त्यांचे सेनापती. गादी गमावलेले रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने त्यांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटले. ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले.

म्हणून या दिवसाचा दोष एका अक्षरावर ढकलणे सोयीचे असले तरी खोटे आहे. कटवाल्यांनी गुन्हा केला, आणि ज्यांचे काम तो रोखण्याचे होते त्यांनी धोका कळूनही नेहमीची कुरकुर समजून वेळ घालवला. शिक्षाही सारखी झाली नाही. महंमद इसाफसारखे गारदी पुढे पकडून मारले गेले. रघुनाथराव मात्र १७८३ मध्ये कोपरगावी मुक्कामी असताना वारले, आणि त्यांचाच मुलगा दुसरा बाजीराव १७९६ मध्ये पेशवा झाला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली ती त्याच्याच हातून.