देवगावचा तह आणि वर्धेची सीमा

वर्धा नदी ही वऱ्हाड व नागपूर प्रांत यांमधील निसर्गसिद्ध सीमा होय, असे विधान जुन्या ग्रंथांत वारंवार आढळते. ते तपासून घेणे अवश्य आहे. मुलताईच्या पठारावर उगम पावून आग्नेयीकडे वाहणारी ही नदी पावसाळ्यात दुस्तर असली, तरी उन्हाळ्यात तिला ठिकठिकाणी उतार असतो. दोन्ही तीरांवर काळी जमीन, कापूस-ज्वारीची पिके आणि मराठी भाषा. पश्चिम तीरावरील कौंडण्यपूर हे विदर्भाची प्राचीन राजधानी म्हणून परंपरेने मानले गेले, ते नदीच्या एकाच बाजूच्या प्रदेशापुरते नव्हे. ऐन-इ-अकबरीत तर नदीच्या पूर्वेकडील पवनार हे वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. अर्थात मोगल कारभाराला वर्धा ही सुभ्याची कड वाटत नव्हती.

अठराव्या शतकात तर सीमारेषेची कल्पनाच येथे गैरलागू होती. वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता; एकाच गावच्या वसुलात दोघांचा वाटा असे आणि मोठा वाटा बहुधा भोसल्यांकडे जाई. राज्य हे भूमीच्या तुकड्यावर नसून हक्कांवर उभे होते.

हा क्रम दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाने मोडला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगाव येथे तह झाला. कटक प्रांताबरोबरच वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख दुसऱ्या रघूजींना सोडावा लागला. १८०४ मध्ये इंग्रजांनी तो निजामाला दिला. सामायिक हक्कांच्या जागी नकाशावर दाखविता येईल अशी रेषा आली. तीही निर्भेळ नव्हती, कारण नरनाळा व गाविलगड हे किल्ले आणि त्यांलगतचा चार लाखांचा मुलूख नदीपलीकडे असूनही भोसल्यांकडेच राहिला. इ. स. १८२२ च्या तहाने इंग्रज व निजाम यांनी मुलखाची अदलाबदल करून वर्धा हीच वऱ्हाडची पूर्वसीमा ठरविली. परंतु तोवर भोसले व निजाम ही दोन्ही राज्ये तैनाती फौजेच्या बंधनात अडकली होती. सीमा रेखीव झाली ती जेव्हा तिचे रक्षण करण्याची सत्ता दोघांकडेही उरली नव्हती तेव्हा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. दोन्ही तीरांवर एकच सत्ता आली. १८६७ मध्ये पुलगावजवळ नदी ओलांडून लोहमार्ग नागपुरास पोहोचला. तथापि सीमा पुसली गेली नाही. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाडवर निजामाचे नाममात्र स्वामित्व राहिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्वेस मालगुजारी पद्धती रूढ झाली, तर पश्चिमेस मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी. एकाच मातीत नांगर धरणारा कुणबी अलीकडे मालगुजाराला धारा देई, पलीकडे थेट सरकारला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेल्यावरही हा भेद टिकला. मालगुजारी नष्ट झाली ती १९५० च्या कायद्याने. तेव्हा वर्धेच्या सीमेला दीर्घायुष्य मिळाले ते पाण्यामुळे नव्हे, जमाबंदीमुळे, असेच म्हणावे लागते.

पैनगंगेच्या संगमाखाली मात्र नदीची कथा निराळी. तेथे पश्चिम तीर हैदराबाद संस्थानातच राहिला, आणि राजुरा हे मराठी गाव आदिलाबाद जिल्ह्यात गणले गेले. समोरच्या तीरावर बल्लारपूर, पण कचेरी आदिलाबादची. १९५६ च्या पुनर्रचनेत राजुरा तालुका मुंबई राज्यात आला. तरीही तो प्रथम नांदेड जिल्ह्याला जोडण्यात आला. १९५९ मध्ये त्याचा समावेश नदीपलीकडील चांदा जिल्ह्यात झाला.