बिऱ्हाड पाठीवर

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत ऑक्टोबर संपता संपता शहाणा माणूस फिरकत नाही. आपल्याकडे त्या सुमाराला पाऊस ओसरलेला असतो, आकाश निवळतं आणि ट्रेकवाल्यांचा हंगाम सुरू होतो. तिकडे सगळं उलट. अटलांटिकवरून एकामागून एक वादळं यायला लागतात, ढग कड्यांवर ठाण मांडून बसतात आणि पाणथळ माळावर पाय टाकला की तो घोट्यापर्यंत रुततो. १९६८ साली गेरी चार्नली या ओरिएंटियरिंगच्या खेळाडूनं दोन दिवसांची एक डोंगरी शर्यत आखली, ती मुद्दाम याच दिवसांत. पहिली शर्यत यॉर्कशरमधल्या म्युकर या खेड्यापाशी झाली. नाव ‘माउंटन मॅरेथॉन’ असलं तरी तिचा बेचाळीस किलोमीटरशी फारसा संबंध नाही. सर्वांत अवघड अशा ‘एलिट’ गटाला दोन दिवसांत साधारण दोन मॅरेथॉनइतकी मजल मारावी लागते, तीही पायवाट असेलच याची खात्री नसताना.

ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. पहिला धागा लेक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडमधल्या डोंगराळ भागातला; तिथं डोंगरावर धावण्याची रीत या शर्यतीच्या कितीतरी आधीची. ग्रासमिअरच्या वार्षिक खेळांत १८६८ पासून ‘गाइड्स रेस’ होते. मैदानातून सुटायचं, समोरच्या उभ्या चढावर जायचं आणि दगडगोट्यांतून उड्या मारत खाली यायचं. मेंढपाळ, खाणकामगार, वाटाडे यांची ही शर्यत. बक्षीस रोख मिळायचं आणि तिथंच माशी शिंकली. पैसे घेऊन धावणारा तो धंदेवाईक, असं म्हणत शहरी हौशी खेळाडूंच्या संघटनांनी या डोंगरपुत्रांना आपल्या शर्यतींपासून दूर ठेवलं. गंमत अशी की त्या हौशांपैकी बहुतेकांना त्या उतारावर यांच्या जवळपासही टिकता आलं नसतं.

दुसरा धागा १९५२ चा. ब्रिटनमधल्या युथ हॉस्टेल संघटनेच्या निमित्तानं ‘लेक डिस्ट्रिक्ट माउंटन ट्रायल’ सुरू झाली. ती सप्टेंबरात होते. तिच्यात ठरलेल्या खुणा गाठायच्या असतात, पण कोणत्या वाटेनं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. १९६२ साली हवामान इतकं बिघडलं की जॉर्ज ब्रास हा एकटाच धावक शर्यत पुरी करू शकला. पुढे या शर्यतीवर जॉस नेलर या वासडेलच्या मेंढपाळाचं नाव पुन्हा पुन्हा कोरलं गेलं. पाठीची आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला हा माणूस १९७५ मध्ये चोवीस तासांच्या आत बहात्तर शिखरांवर जाऊन आला. २०२४ मध्ये तो वारला, तोवर डोंगरात धावणाऱ्यांसाठी तो दंतकथाच होऊन बसला होता.

तिसरा धागा स्वीडनमधून आला. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात खुणा शोधत धावायचा ओरिएंटियरिंग हा खेळ ब्रिटनमध्ये रुजवण्यात क्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली यांचा मोठा वाटा होता. ब्रॅशर म्हणजे १९५४ मध्ये रॉजर बॅनिस्टरनं चार मिनिटांच्या आत मैल मारला तेव्हा त्याला गती लावून देणाऱ्या दोघांपैकी एक, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला स्टीपलचेसचा सुवर्णविजेता. याच जोडीनं १९८१ मध्ये लंडन मॅरेथॉन सुरू केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टाळ्यांचा गजर असलेली शर्यत आणि दिवसभर मेंढ्यांखेरीज कुणी बघायला नाही अशी शर्यत, दोन्हींच्या मुळाशी तीच माणसं निघावीत हे गमतीचंच.

चार्नलीनं हे धागे एकत्र विणले आणि वर एक ओझं ठेवलं. शर्यत एकट्यानं नव्हे, जोडीनं करायची. दोघांनी शेवटपर्यंत बरोबर राहायचं. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, दोन दिवसांचं खाणं, पावसाळी कपडे, प्रथमोपचाराचं साहित्य, शिट्टी, नकाशा, होकायंत्र हे सगळं स्वतःच्या पाठीवर. शनिवारी धावायचं, डोंगरातल्या तळावर रात्र काढायची, रविवारी पुन्हा धावायचं. वाटेत खाण्यापिण्याचे टेबल नाहीत. कचराही परत न्यायचा. उपग्रहाच्या मदतीनं वाट दाखवणारी यंत्रं आली तेव्हा त्यांच्यावरही बंदी घातली गेली.

इथं ऑक्टोबर आपला हिशोब चुकता करतो. ब्रिटनमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास मागे घेतात आणि शर्यत बहुधा याच शनिवार-रविवारी असते. म्हणजे ओल्या कपड्यांनिशी तंबूत पडलेल्यांची रात्र आणखी एका तासानं लांबते. अनुभवी जोड्या सांगतात की शर्यत डोंगरावर कमी आणि त्या तंबूत जास्त हरली जाते. वजन वाचवण्यासाठी लोक टूथब्रशचा दांडा कापतात, अंथरूण म्हणून सामान गुंडाळायचं फुगेवालं प्लास्टिक नेतात. रात्री कुडकुडताना वाचवलेला एकेक ग्रॅम आठवत असणार.

सुरुवातीपासून शर्यतीच्या पाठीशी उभी राहिली ती लँकेशरची ‘कॅरिमोर’ कंपनी. १९४६ मध्ये पार्सन्स कुटुंबानं सायकलच्या पिशव्या शिवण्यापासून तिची सुरुवात केली होती. मुलगा माइक पार्सन्स याच्या काळात ती गिर्यारोहणाच्या सामानात पुढे आली. सह्याद्रीतला ट्रेकर जिला सवयीनं ‘कॅरीमॅट’ म्हणतो ती फोमची पथारी मुळात या कंपनीची, हे इथं फार थोड्यांना ठाऊक असेल. शर्यतीलाही कंपनीचंच नाव मिळालं, ‘कॅरिमोर इंटरनॅशनल माउंटन मॅरेथॉन’, बोलीत ‘किम’. धावताना न हलणारी हलकी सॅक आणि पाठीचा फोम काढून तोच अंथरायची युक्ती या शर्यतीच्या गरजेतूनच पुढे आली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनी डबघाईला आली तेव्हा शर्यतीनं ‘ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन’ असं नवं नाव घेतलं.

याच नव्या नावानं ती २५ ऑक्टोबर २००८ रोजी जगाला माहीत झाली. त्या वर्षी मुक्काम लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेलच्या दरीत, सीथवेट गावापाशी. सीथवेट म्हणजे इंग्लंडमधलं सर्वांत जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण. वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर. महाबळेश्वरवाल्याला त्याचं कौतुक वाटणार नाही, पण तो पाऊस थंडीबरोबर येतो, हा फरक मोठा आहे. त्या दिवशी वादळ इतकं वाढलं की आयोजकांनी दुपारीच शर्यत थांबवली. इतिहासात पहिल्यांदाच. ओढे नद्या झाले, दरीतला रस्ता बुडाला, आणि दोन हजारांहून जास्त माणसं डोंगरात विखुरलेली. संध्याकाळी वृत्तवाहिन्यांनी हजाराहून जास्त लोक ‘बेपत्ता’ असल्याचं सांगायला सुरुवात केली.

प्रत्यक्षात ही माणसं कुठं होती? काहींनी वाऱ्याला आडोसा बघून तंबू ठोकले होते, काही शेतकऱ्यांच्या गोठ्यांत बसली होती, शेकडो जणांनी होनिस्टर खिंडीतल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत आसरा घेतला होता. दुसऱ्या दिवशी बहुतेक जण स्वतःच्या पायांनी खाली आले. काहींना किरकोळ जखमा झाल्या, काहींना थंडी बाधली, पण जीव कुणाचाच गेला नाही. तरीही वाद पेटला. अंदाज माहीत असताना शर्यत सोडलीच का, पूर आलेल्या गावांच्या मदतीला जाणारी पथकं धावकांच्या शोधात का अडकावीत, असे प्रश्न आले, आणि ते रास्तच होते. ‘बेपत्ता’ हा शब्द मात्र चुकीचा होता. ज्याच्या पाठीवर घर, चूल आणि रात्रीचं जेवण आहे, तो फोनवर सापडत नाही एवढ्यावरून हरवलेला ठरत नाही. चाळीस वर्षं या शर्यतीनं माणसांना नेमकं याच रात्रीसाठी तयार केलं होतं.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये शर्यत वेल्समध्ये, एलान खोऱ्यात भरली. नियम तेच: दोघं, एक तंबू, एक होकायंत्र.