मूत्रपरीक्षा आणि अधिवृक्क ग्रंथींची अर्बुदे

पुण्याच्या आनंदाश्रमाने आपल्या संस्कृत ग्रंथावलीत चौथ्या क्रमांकाने ‘योगरत्नाकर’ हा वैद्यकग्रंथ छापला. साधारणपणे १७ व्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या ग्रंथात रोग्याच्या आठ परीक्षा सांगितल्या असून त्यांत नाडीच्या खालोखाल मूत्राचे स्थान आहे. रात्रीच्या अखेरच्या चार घटकांत रोग्यास उठवावे, पहिली धार टाकून मधली धार पांढऱ्या काचेच्या पात्रात धरावी आणि तीत तिळाच्या तेलाचा थेंब सोडावा, असा विधी आहे. थेंब पसरला तर रोग साध्य, न पसरला तर कष्टसाध्य, तळाशी गेला तर असाध्य.

आधुनिक अंतःस्रावांच्या मूत्रपरीक्षेचे मूळ या तैलबिंदूत शोधण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा हे बरे. तेलाचे पसरणे हे पृष्ठताण व घनता यांवर अवलंबून असते. त्यावरून अमुक ग्रंथीचा अमुक स्राव वाढला असे कळण्याचा मार्ग नाही. मात्र मूत्र कोणत्या वेळचे आणि कोणत्या धारेचे यावर निष्कर्ष अवलंबून असतो, ही त्या ग्रंथकाराची जाणीव पक्की होती, आणि पुढच्या सर्व इतिहासात ती उपयोगी पडलेली दिसते.

अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडांच्या माथ्यावर खोल दडलेल्या असतात. बोटांनी चाचपून त्यांतील लहान अर्बुद हाती लागत नाही. फ्रेंकेल याने १८८६ मध्ये अशा अर्बुदाचे वर्णन केले ते शवविच्छेदनानंतर. १९२६ मध्ये रू व मेयो या शल्यविशारदांनी ते यशस्वीपणे काढले खरे, परंतु मेयो यांना उदर उघडण्यापूर्वी आत काय आहे याची कल्पना नव्हती. हे अज्ञान जिवावर बेतणारे होते. ग्रंथीच्या मज्जेतील अर्बुदाला शस्त्रक्रियेत हात लागताच अॅड्रिनलिन व नॉरअॅड्रिनलिन यांचा लोंढा रक्तात उतरतो आणि पूर्वतयारी नसलेला रोगी मेजावरच दगावू शकतो.

पुण्यातील बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळेचे महाविद्यालयात रूपांतर झाले त्याच वर्षी, म्हणजे १९४६ साली, स्टॉकहोम येथे फॉन ऑयलर यांनी नॉरअॅड्रिनलिन हे अनुकंपी मज्जातंतूंचे संदेशद्रव्य असल्याचे दाखविले. १९५० मध्ये एंगेल यांच्यासह त्यांनी प्रतिपादन केले की, या अर्बुदाच्या रोग्यांच्या मूत्रात ही दोन्ही द्रव्ये वाजवीपेक्षा पुष्कळ अधिक उतरतात. त्या काळी त्यांचे मापन मांजराच्या रक्तदाबावर व कोंबडीच्या आतड्याच्या तुकड्यावर होई! १९५७ मध्ये आर्मस्ट्राँग व सहकाऱ्यांनी व्हॅनिलिल मँडेलिक आम्ल हे त्यांचे अंतिम विघटनद्रव्य मूत्रात ओळखले, आणि ही परीक्षा साध्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात आली.

रक्त सोडून मूत्रच का, याचे उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. छाती धडधडणे, घाम, डोकेदुखी यांचे झटके येतात आणि जातात. मधल्या वेळी काढलेले रक्त निर्दोष दिसू शकते. चोवीस तासांचे मूत्र सगळ्या दिवसाचा जमाखर्च मांडते. म्हणून सकाळचे पहिले मूत्र टाकून द्यावयाचे, तेथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या मूत्रापर्यंत सर्व आम्ल घातलेल्या बाटलीत साठवावयाचे. एखादी वेळ चुकली तर हिशेब फसतो. यासाठी क्रिएटिनीनही मोजतात. जुन्या रंगपरीक्षेत चहा, कॉफी व केळी वर्ज्य असत. उपवासाला केळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या घरांत हे पथ्य रोग्याला आठवणीने सांगावे लागे.

ग्रंथीच्या बाह्यकाचा इतिहास निराळा. १९३१ मध्ये बुटेनांट यांनी हजारो लिटर मूत्रातून काही मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन वेगळे केले. १९३५ मध्ये झिमरमान यांच्या रंगक्रियेने अशा द्रव्यांचे मापन शक्य झाले. कर्करोगात त्यांचे प्रमाण वाढते, पण नेहमीच नाही, आणि येथेच ही परीक्षा दीर्घकाळ अडून राहिली. २०११ मध्ये आर्ल्ट व सहकाऱ्यांनी एकाच नमुन्यातील ३२ स्टेरॉइडे मोजून त्यांच्या एकत्रित ठेवणीवरून साधे अर्बुद व कर्करोग वेगळे करण्याची रीत मांडली. २०२० मध्ये दोन हजारांहून अधिक रोग्यांवर ती पडताळण्यात आली. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या चित्रणात ग्रंथीवर अकस्मात गाठ सापडलेल्या रोग्याला, ती काढावी की राहू द्यावी, या प्रश्नात तिची मदत होते. मज्जेच्या अर्बुदासाठी आता रक्तातील किंवा मूत्रातील मेटानेफ्रिने मोजतात, आणि निदान ठरल्यावर शस्त्रक्रियेपूर्वी एक-दोन आठवडे अल्फा-रोधक औषधे देऊन रोग्याची तयारी करून घेतात.