मानतो, असे वाटते

इटलीतील तुरीन शहरचे तत्त्वज्ञ जान्नी वात्तिमो एकदा टेलिफोनवर एका वृद्ध प्राध्यापकांशी बोलत होते. प्राध्यापक जुन्या कॅथलिक वळणाचे. मते जुळत नसत, पण लोभ होता. बोलता बोलता त्यांनी विचारले, की अखेर तू देवाला मानतोस की नाही? वात्तिमो उत्तरले, मानतो असे वाटते. १९९६ साली ‘क्रेदेरे दी क्रेदेरे’ हेच उत्तर नाव म्हणून देऊन त्यांनी एक लहानसे पुस्तक लिहिले. गंमत अशी, की श्रद्धा ठेवणे आणि नुसते वाटणे या दोहोंना इटालियनमध्ये हे एकच क्रियापद चालते.

मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. तत्त्वज्ञानाच्या वाटेला मी गेलोच नसतो, पण नववीच्या वर्गात इतिहास शिकवताना एका मुलाने विचारले, “सर, हे असंच घडलं, की आपण तसं मानतो?” तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटलो.

त्या मुलाला ठाऊक नव्हते, पण हाच प्रश्न फ्रान्सच्या ल्योतारने १९७९ साली मांडला होता. कॅनडातील क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ-परिषदेसाठी त्याने ज्ञानाच्या स्थितीवर अहवाल लिहिला. सगळ्या मानवजातीला एका सूत्रात ओवणाऱ्या महाकथांवरचा विश्वास उडणे, याला त्याने उत्तर-आधुनिकता म्हटले. आता सृष्टीची उत्पत्ती, माणसाचे पतन, ख्रिस्ताकडून तारण आणि शेवटचा न्याय, याहून मोठी महाकथा कोणती? धर्मगुरूंना धास्ती वाटली यात नवल नाही. १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रद्धा आणि बुद्धी यांवरील परिपत्रकात या शून्यवादाबद्दल इशारा दिला.

वात्तिमोंनी मात्र उलटाच डाव मांडला. १९३६चा त्यांचा जन्म. तरुणपण कॅथलिक युवक-संघटनेत गेले. पुढे नीत्शे आणि हायडेगर यांच्या अभ्यासात प्रार्थनामंदिर सुटले. १९८३ साली रोवात्ती यांच्यासह त्यांनी ‘दुबळा विचार’ या नावाचा लेखसंग्रह काढला. अंतिम सत्य आपल्याच मुठीत आहे असे न म्हणणारा विचार, तो दुबळा. मग रने जिरार यांचे लेखन हाती आले. समाज आपले पाप एका निरपराधाच्या माथी मारून शांत होतो आणि शुभवर्तमान ते कपट उघडे पाडते, हे जिरार यांचे म्हणणे. वात्तिमोंना वाट सापडली. संत पॉलने फिलिप्पैकरांना लिहिले, की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले. नीत्शेने ज्याच्या मृत्यूची वार्ता दिली तो सर्वसत्ताधीश देव. गोठ्यात जन्मलेला हा वेगळा. म्हणजे दुबळा विचार ख्रिस्ती श्रद्धेचा वैरी नव्हे, तिच्याच पोटचा!

हे नुसते शब्दांचे खेळ नव्हते. वात्तिमो समलिंगी होते. त्यांचा अनेक वर्षांचा जोडीदार १९९२ साली एड्सने वारला. त्यांच्या प्रेमाला चर्च निसर्गविरुद्ध म्हणत होते आणि ते अंतिम सत्य म्हणून. त्या मुठीचा मार त्यांनी खाल्ला होता. त्यांचा युक्तिवाद वाचताना माझ्या मनातून हे जात नाही.

तरीही माझ्यातला मास्तर कुरकुरतोच. सगळे रिते होत गेले तर उरते काय? प्रेम, असे वात्तिमो सांगतात. परंतु ज्या पॉलकडून त्यांनी ‘रिक्त’ हा शब्द घेतला, तोच करिंथकरांना बजावतो, की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. पॉलला घटना हवी; नुसत्या अर्थावर त्याचे भागत नाही. या पेचातून वात्तिमो मला सोडवत नाहीत. स्वतः तरी ते सुटले होते की नाही, कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, की काही घडलेले असते, काही मानलेले. कोणते कुठे संपते ते आपण दोघे शोधू. त्याचे समाधान झाले नाही. माझेही नाही.

२०२३ साली वात्तिमो वारले. रात्री निजण्यापूर्वीची प्रार्थना आपण अजून लॅटिनमधून म्हणतो, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.