चप्पल, कांदा आणि गोळी

आमचं गाव सायखेडा, तालुका निफाड. गोदावरीचा काठ आणि कांदा! लहानपणी कुणाला फिट आली की लोक दोनच गोष्टी शोधायचे, चप्पल नाहीतर कांदा. कांद्याला आमच्याकडे काय तोटा? फोडला, नाकाला लावला, दोन मिनिटांत झटके बंद. सगळे खूष. खरं तर बहुतेक फिट्स तेवढ्या वेळात आपोआपच थांबतात. म्हणजे कांद्याला फुकटचं क्रेडिट!

एका औषधाच्या बाबतीत मात्र बरोब्बर उलटं झालं. व्हॅल्प्रोइक ॲसिड. १८८२ साली बर्टन नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं. पुढे ऐंशी वर्षं त्याला काम काय, तर दुसरी रसायनं विरघळवायची. १९६२ मध्ये फ्रान्समध्ये पिएर एमार नवी संयुगं त्यात विरघळवून तपासत होता. प्राण्यांवर चाचणी घेतली तर संयुग कुठलंही असो, झटके थांबतायत! इनपुट बदललं तरी आउटपुट तेच. मग सगळ्यात कॉमन काय? ते विरघळवणारं ॲसिड! १९६७ मध्ये फ्रान्समध्ये ते औषध म्हणून विकायला आलं, १९७८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. १९९५ मध्ये तिथे मेनियासाठीही मान्यता मिळाली.

आणि आपल्याकडे? १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली. वारंवार फिट येणाऱ्या माणसाचं लग्न त्या कारणावरून रद्द करून घेता येईल, अशी! ते शब्द निघायला १९९९ उजाडलं. तेवीस वर्षं..

कायद्यातून निघाले, पण घरातून? आजही मुलीचं लग्न ठरलं की गोळ्या लपवल्या जातात, सासरी तर बंदच होतात. गोळी अशी अचानक बंद केली तर फिट परत येते, कधी जिवावर बेतते. शिवाय व्हॅल्प्रोएट गरोदरपणात बाळाला धोक्याचं आहे. म्हणजे दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं की नाही ते ठरवायला हवं. पण जी गोळी घरात कुणाला माहीतच नाही, तिच्याबद्दल ती बोलणार कुणाशी?

औषध सापडायला ऐंशी वर्षं लागली, कारण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आपल्याला तर सगळं माहीत आहे, तरी लपवतोय.

असो. समोर कुणाला फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच दवाखाना. आणि कांदा? तो भज्यांसाठी ठेवा!