आजोबांचा चाकू

शनिवार सकाळ, ऑफिसचा लॅपटॉप बंद आणि टेबलावर सोळा जुने घडीचे चाकू. बायको याला भंगार म्हणते, मी कलेक्शन म्हणतो. असो.

जुन्या मल्टिटूलची खरी गंमत बारीकसारीक फरकांत असते. व्हर्जन नंबर कुठे लिहिलेला नसतो, तो पात्यांवरून ओळखायचा. स्विस चाकूच घ्या. कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. १८९७ मध्ये त्याचा कॉर्कस्क्रूवाला ऑफिसर चाकू आला. आई १९०९ मध्ये वारली, तेव्हा तिचं व्हिक्टोरिया हे नाव त्याने ब्रँडला दिलं. १९२१ मध्ये न गंजणाऱ्या स्टीलचं 'इनॉक्स' त्याला जोडलं गेलं आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. म्हणजे पात्याच्या बुडाशी हे अख्खं नाव असलं की चाकू १९२१ च्या आधीचा नाही. पण माझा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार कॅन ओपनर. ज्याच्या टोकाला छोटा स्क्रूड्रायव्हर असतो तो ओपनर आला १९५१ मध्ये.

आणि इथेच आमच्या घरी घोळ झाला.

आमचं गाव सैनिक टाकळी, तालुका शिरोळ. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, नावातच सगळं आलं. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, १९४४-४५ ला इटलीत होते. (त्याच मोहिमेत रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.) घरच्या कपाटात एक लाल व्हिक्टोरिनॉक्स आहे, 'अण्णांनी इटलीतनं आणलेला'. खंडेनवमीला पूजेत त्याचा मान पहिला. गेल्या वर्षी हळद-कुंकू पुसून मी तो पहिल्यांदाच नीट उघडून बघितला. ओपनरच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर!

बाबांना सांगायचा धीर झाला नाही. पाहुण्यांना ती गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा कसा होतो ते मला माहितीय. म्हणून गुपचूप काकांना गाठलं. ते गोठ्यात होते.

"मीच आणलेला की मस्कतहनं," ते म्हणाले. "अण्णांनी कधी वापरलाबी न्हाई. ते गेल्यावर सगळी इटलीचा म्हणाय लागली. मी कशाला मधे बोलू?"

बोलता बोलता ते दाव्याची ओली गाठ सोडवत होते. हातात एक काळं, गंजकं अवजार. लहानपणापासून ते कासऱ्याशेजारी खिळ्याला टांगलेलं बघत आलोय, पण कधी हातात घेतलं नव्हतं. घेतलं. काळी चौकड्यांची मूठ, टोक नसलेलं आखूड पातं, डबे फोडायचा आकडा आणि पाठीमागे जाड सुया. ब्रिटिश लष्कराचा क्लास्प नाइफ! हा जाडा सुया मुळात दोरखंडाचे पीळ आणि गाठी सोडवण्यासाठीच असतो. रॉकेलच्या बोळ्याने पात्याचं बूड घासलं. आधी सरकारी मालाचा तो छोटा बाण दिसला, मग खाली आकडे. १९४३.

दोघंही थोडा वेळ गप्पच होतो.

"अण्णांचाच हाय हा," काका म्हणाले. "पर कुणी इचारलंच न्हाई."

"या खंडेनवमीला हा पूजेत ठेवूया," मी म्हटलं.

"ठेव की. पर सांजच्याला परत दे, म्हशीचं दावं सोडायचं आस्तंय."

बाबांना अजून सांगितलेलं नाही.