सोळाशे मीटरची गोष्ट

आपल्या शाळेच्या मैदानावर पी.टी.चे सर फक्कीने जो गोल आखायचे, त्याची एक फेरी २०० मीटरची होती. आठ फेऱ्या मारल्या की १६०० मीटर. आज त्याच मैदानावर पहाटे साडेपाचला गावातली मुले-मुली धावत असतात. मुलांच्या आठ फेऱ्या, मुलींच्या चार. ही सगळी भरतीची तयारी. गावी गेलो की मी कट्ट्यावर बसून त्यांच्याकडे पाहतो आणि आपल्या बॅचची आठवण येते. आपण जी चूक केली, तीच ती करत आहेत.

नियम सर्वांना ठाऊक असतीलच असे नाही, म्हणून सांगतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत धावला तर पूर्ण २०. त्यानंतर साधारण प्रत्येक २० सेकंदांना दोन गुण कमी होत जातात. गुणवत्ता यादी अर्ध्या-एका गुणावर अडते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे.

आपण भरतीला उतरलो तेव्हा अंतर पाच किलोमीटरचे होते. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत धावण्याच्या चाचणीत कोसळून काही उमेदवार दगावले. त्यानंतर अंतर तीन किलोमीटर झाले आणि पुढे १६०० मीटरवर आले. ती बातमी आली त्या रात्री आपल्यातल्या एकाच्या आईने त्याचे बूट लपवून ठेवले होते. तो दुसऱ्या दिवशी अनवाणी धावायला आला.

आपली तयारी कशी होती? रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पूर्ण अंतर, पूर्ण जोर. वेळ कमी झाली नाही तर दुसऱ्या दिवशी आणखी जोर. त्या अनवाणी धावणाऱ्या मित्राची नडगी दोन महिन्यांत इतकी दुखू लागली की जिना उतरताना तो कठडा धरायचा. तरी त्याने एक दिवस सुट्टी घेतली नाही. चाचणीत तो सरावापेक्षाही हळू धावला. आपण म्हणालो, नशीब नव्हते. आज मला वाटते, त्याला नशिबापेक्षा माहिती कमी पडली. आणि ही माहिती तेव्हाही जगात नवी नव्हती.

१६०० मीटर म्हणजे मैलाला नऊ मीटर कमी. या अंतरावर वेळ कशी कमी करायची, यावर शंभर वर्षे लोकांनी डोके आणि पाय झिजवले आहेत. फिनलंडचा पावो नुर्मी हातात घड्याळ घेऊन धावायचा, प्रत्येक फेरी सारख्या वेळेत व्हावी म्हणून. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने १५०० आणि ५००० मीटर या दोन्ही शर्यती एकाच दिवशी जिंकल्या.

पुढचे पाऊल जर्मनीत पडले. प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि डॉक्टर राइंडेल यांनी धावपटूंच्या हृदयाचे ठोके मोजून सराव आखला. अंतराचे तुकडे करायचे, एक तुकडा वेगात धावायचा, ठोके मिनिटाला १८० च्या आसपास जाऊ द्यायचे, आणि ते १२० च्या आसपास उतरले की मगच पुढचा तुकडा. मधली विश्रांती हाही सरावाचाच भाग, ही खरी नवी गोष्ट होती. गेर्शलरचा शिष्य रुडोल्फ हार्बिग १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. तो विक्रम १६ वर्षे टिकला. हार्बिग मात्र १९४४ मध्ये महायुद्धात मारला गेला.

रॉजर बॅनिस्टरची गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. तो वैद्यकीय विद्यार्थी, सरावाला वेळ दुपारच्या सुट्टीतला. ४४० यार्डांची एक फेरी, दोन मिनिटे विश्रांती, अशा दहा फेऱ्या. १९५४ च्या वसंतात त्याची वेळ फेरीला ६१ सेकंदांवर अडली, काही केल्या उतरेना. तेव्हा तो सराव सोडून काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत गेला. परत आला आणि त्याच दहा फेऱ्या ५९ सेकंदांनी निघाल्या. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला त्याने मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केला. अडलेली वेळ विश्रांतीने सुटली. आपण नेमके उलटे करत होतो.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने आणखी एक भर घातली. बूट बनवण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या या माणसाने आधी स्वतःवर प्रयोग केले. त्याचे म्हणणे असे की वेगाच्या आधी पाया हवा; महिनोन्‌महिने लांब, दम न लागता धावा, मग चढ, मग वेग. त्याचा पीटर स्नेल ८०० मीटरचा धावपटू, पण रविवारी २२ मैल धावायचा. १९६० आणि १९६४ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याने ८०० चे सुवर्ण घेतले, १९६४ ला १५०० चेही.

आपल्या देशातही हे ज्ञान अपरिचित नव्हते. राजपुताना रायफल्सचे श्रीराम सिंह इलियास बाबर यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ८०० मीटर १ मिनिट ४५.७७ सेकंदांत धावून सातवे आले. तो राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे टिकला. आपल्या मराठवाड्यातला अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे त्याला धावण्याचे शिक्षण मिळाले, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्य आणले. म्हणजे भरती झाल्यावर शिकवणारे भेटतात. भरती होण्याआधी, जेव्हा गरज सर्वांत जास्त असते, तेव्हा मुलगा एकटा असतो.

या इतिहासातून आपल्या मैदानापुरते एवढेच घ्यायचे. ५ मिनिटे १० सेकंदांसाठी ४०० मीटरला ७७ ते ७८ सेकंद लागतात, म्हणजे आपल्या गोलाच्या एका फेरीला ३९ सेकंदांच्या जरासे आत. आठवड्यातून दोनच दिवस वेग: ४०० मीटर या वेळेत, मग नाडी उतरेपर्यंत चालणे, असे सहा ते आठ वेळा. नवख्याने चारापासून सुरुवात करावी. बाकीचे दिवस बोलत बोलत धावता येईल इतके सावकाश, शक्यतो मातीवर. एक दिवस पूर्ण सुट्टी. पूर्ण १६०० घड्याळ लावून पंधरा दिवसांतून एकदाच. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात सराव निम्मा. आणि पहिली फेरी गर्दीच्या नादाने पळायची नाही, कारण तिथे कमावलेले दोन सेकंद शेवटी दहा सेकंद घेऊन जातात. नडगी दुखली, छातीत कळ आली, चक्कर आली तर थांबायचे आणि डॉक्टरांकडे जायचे. हे वाक्य त्यांना आपणच सांगितले पाहिजे. त्या वयात कोणी स्वतःहून थांबत नाही.

तो मित्र आज स्वतःचे दुकान चालवतो, आनंदात आहे. हा लेख लिहितोय म्हटल्यावर म्हणाला, "मला कोणी फक्त एक दिवस सुट्टी घे म्हणाले असते तरी पुरे होते रे."

म्हणून एक विनंती. स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर जमू. टेप आणि फक्कीची पोती मी आणतो. सर, गोल तुम्हीच आखून द्या, तुमच्याइतका नेमका आम्हाला जमणार नाही. आणि गावात राहणाऱ्यांपैकी ज्यांना आठवड्यातून दोन पहाटे घड्याळ धरून उभे राहता येईल, त्यांनी त्याच दिवशी माझ्याकडे नाव द्यावे. चौघे मिळाले तरी पुढच्या भरतीपर्यंत निभावेल.